शून्याच्या डावीकडे

१ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टर म्हणाले, बोटांना हलकं काम द्या, रोज चार ओळी लिहीत जा. काय लिहायचं ते सांगितलं नाही. म्हणून आधी बोटांबद्दलच लिहिते.

उजव्या हाताची तीन बोटं पांढरी पडतात आणि मग बराच वेळ माझी वाटतच नाहीत. बारा वर्षं शीतगृहात काढली, दुसरं काय होणार! मी आतल्या खोलीत माल तपासते. मटार, मासे, आइस्क्रीम, सगळं उणे वीस अंशांत. दिवसाचे पाच-सहा तास आत जातात. डॉक्टरांचं म्हणणं, आता दिवसाला जास्तीत जास्त एक तास, नाहीतर बोटांवर पाणी सोडा.

चिठ्ठी मॅनेजरसाहेबांना दाखवली. ते म्हणाले, "एका तासाचं काम कुठून आणू? मार्चअखेरपर्यंत बाहेरची कामं देतो, नोंदी करा. एप्रिलमध्ये शिफ्ट इनचार्जची जागा रिकामी होतेय, ती टेबलावरचीच आहे. काम तुम्हाला पाठ आहे. पण वरून नियम आलाय, इनचार्ज दहावीच्या गणितात पास झालेला हवा."

मी नववीतून शाळा सोडलेली. मी पास झाले नाही तर जागा आमच्याकडच्या नव्या पदवीवाल्याला. हा पोरगा चार महिन्यांपूर्वी लागलाय, अजून आत जाताना टोपी विसरतो. थोडक्यात, एप्रिलपासून एक तर ती खुर्ची, नाहीतर घरची. बाहेरून बसून नुसतं गणित देता येतं म्हणे. पेपर २३ मार्चला. फॉर्मची मुदत आजच संपत होती, धापा टाकत जाऊन भरला.

२ फेब्रुवारी, रविवार

"शिकवणार कोण पण मला?" मी म्हटलं. नवरा वर्तमानपत्रामागून म्हणाला, "ताई आहे की."

ताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. दोन गल्ल्या सोडून राहतात, एकट्याच. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. आमच्या लग्नाच्या बोलण्यांत याच बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "मुलीनं शाळा अर्धवट सोडलीय." अठरा वर्षं झाली, मी एक अक्षर विसरलेले नाही. वर्षातून दोनदा जाते, चहा पिते आणि येते.

नवऱ्याला ठणकावून सांगितलं, त्यापेक्षा बोटं गेलेली परवडली. मग दुपारी भांडी घासताना बशी हातातून सुटली नि फुटली, सुटल्याचं कळलंसुद्धा नाही. संध्याकाळी म्हटलं, बरं, विचारून बघा तुमच्या ताईला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाचची वेळ दिली होती, मला पाच-दहा झाले. ताई गॅलरीत उभ्या. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात म्हणाल्या, "चारपासून उभ्या आहेत हो!" माझा उशीर मोजायला चारपासून! हेडमास्तरीण ती हेडमास्तरीणच.

टेबलावर टोक काढलेल्या दोन पेन्सिली, खोडरबर, पट्टी आणि एक वही. वही कोरी, पण कडा पिवळ्या पडलेल्या, आणि कव्हरावर छापलेलं साल अठरा वर्षांपूर्वीचं. माणसानं किती काटकसर करावी! मी तोंड आवरलं. म्हणजे, एवढंच म्हटलं की वही माझ्या लग्नाइतकी जुनी दिसतेय. ताई म्हणाल्या, "कागद चांगला आहे. बस."

तासभर नुसती बेरीज-वजाबाकी आणि समीकरणं करून घेतली. शाळेतलं बरंचसं आठवलं. निघताना त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ येतं तुला." म्हणजे काय वाटलं होतं, ते विचारायचं राहून गेलं. जिना उतरल्यावर सुचलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज असमानता. समीकरणात उत्तर एकच येतं, इथे उत्तरांची रांगच्या रांग. x + ३ > ५, म्हणून x > २. मग संख्यारेषा आखायची, दोनवर गोल काढायचा आणि तिथून उजवीकडे बाण. दोन स्वतः उत्तरात नाही, म्हणून गोल पोकळ ठेवायचा. "पेक्षा मोठं किंवा तेवढंच" असं असेल तर तो आकडाही धरायचा, गोल भरीव करायचा.

मला हे भलतंच आवडलं. ताईंनी दहा गणितं घातली, दहाही बरोबर आली. त्या म्हणाल्या, "हं." एवढंच. पण मग आतून बिस्किटं आणली, नारळाची. मला हीच आवडतात हे त्यांना कुठून माहीत? बहुतेक घरात पडून असतील.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कडाक्याचं भांडण. मी आता तिकडे पाऊल टाकणार नाही.

झालं असं, की ताईंनी दिलं x > −३. मी उणे तीनवर पोकळ गोल काढून डावीकडे बाण ओढला, उणे चार, उणे पाचकडे. चूक. मग x < −१० दिलं, मी बाण उजवीकडे काढला. परत चूक. आठ गणितं, आठही उलटी. आणि शून्याच्या उजवीकडचं दिलं की सगळं चोख!

"अगं, उणे पाच हे उणे तीनपेक्षा मोठं कसं?"

"मोठंच आहे. पाच आहे ना?"

"उणे आहे ना पण!"

"म्हणून तर जास्त!"

ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एकतीस वर्षांत अशी चूक पाहिली नाही. पोरं कुठेही चुकतात. तू फक्त शून्याच्या डावीकडे चुकतेस, तेही न चुकता."

डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, "शाळा अर्धवट सोडलेली मुलगी आहे मी, सगळ्यांना सांगून झालंय तुमचं." मी पर्स उचलली आणि निघाले. अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं, चप्पल ताईंची घालून आलेय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नवरा चपला बदलून आला. पिशवीत माझी चप्पल आणि वहीचा एक कागद. वर एक संख्यारेषा, आणि खाली ताईंच्या कोरीव अक्षरात: "चूक तुझी नाही. कुठून येते ते शोधायचं आहे. मंगळवारी ये."

नवरा म्हणतो ताईला सर्दी झालीय, नाक लाल होतं. या दिवसांत सर्दी कसली?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

गेले. बोटांसाठी गेले, दुसऱ्या कशासाठी नाही.

थेट कामावरून गेले होते. रुमाल काढताना खिशातून नोंदीचा कागद पडला, आतल्या खोलीच्या तापमानाचा. दर दोन तासांनी आकडा टिपायचा असतो. ताईंनी उचलला आणि वाचायला लागल्या. "वीस, एकवीस, वीस, एकोणीस. हे काय?"

"आतलं तापमान."

"वीस अंश? मग मासे राहतात कसे?"

"उणे वीस हो."

"मग उणेचं चिन्ह कुठाय?"

"ते कोण लिहीत बसतंय! आत सगळं उणेच असतं."

ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "आणि अठरा झालं तर?"

"कमी पडलं. मशीन बघावं लागतं."

"पंचवीस?"

"जास्त झालं. वीज फुकट."

ताई हसायला लागल्या. मी अठरा वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, टेबलावर थापा मारून. "अगं बाई, तू बारा वर्षं गारठा मोजतेयस! आकडा वाढला की गारठा वाढतो. तू अगदी बरोबर मोजतेस, फक्त उलट्या टोकाकडून. मला सांग, उणे वीस आणि उणे पंचवीस, ऊब जास्त कुठे?"

"उणे वीसमध्ये. त्यात काय विचारायचं?"

"झालं. मोठी संख्या म्हणजे ऊब. उजवीकडे ऊन, डावीकडे तुझी खोली. आता काढ x > −३."

उणे तीनपेक्षा ऊबदार काय? उणे दोन, उणे एक, शून्य. बाण उजवीकडे गेला. मग पंधरा गणितं केली, एकही चुकलं नाही. इतक्या साध्या गोष्टीसाठी मी चपला बदलून घरी गेले होते!

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आजपासून नोंदींत उणेचं चिन्ह टाकते. पदवीवाला म्हणाला, "मावशी, सजावट कशाला?" त्याला म्हटलं, आधी टोपी घाल.

माल चढवणारा बर्फ्या माझ्याबरोबरच इथे लागला, तो तर हसूनच बेजार. मीही सगळ्यांना सांगून ठेवलं, चिन्ह टाका म्हणून. ऐकलं कोणीही नाही.

४ मार्च, मंगळवार

आज −२x < ६. ताई म्हणाल्या, "दोन्ही बाजूंना उणे दोननं भाग. ऋण संख्येनं भागलं की चिन्ह उलटं होतं. म्हणून x > −३. पाठ कर."

"का उलटं होतं?"

"नियम आहे."

"का पण?"

"त्याचं कारण मला माहीत आहे गं, पण ते सांगायला लागलं की वर्ग जांभया द्यायचा. म्हणून शेवटी पाठ करा म्हणायला लागले. तूही कर."

पाठ करून मला काही राहत नाही, मला ते दिसावं लागतं. मी पेन्सिल चघळत बसले. मग म्हटलं, "ताई, बाहेर दोन अंश आणि पाच अंश. ऊब कशात जास्त?"

"पाचात."

"आता दोन्हींना उणे लावा आणि आत न्या. उणे दोन, उणे पाच. आता?"

"उणे दोनात."

"मग उलटलंच की! आकडे तेच, फक्त दारातून आत नेले. बाहेर जो पुढे होता तो आत गेल्यावर मागे पडला. चिन्ह उलटं नाही केलं तर खोटं होईल ते."

ताईंनी चष्मा पुसायला घेतला. मला वाटलं काहीतरी मूर्खासारखं बोलले. मग त्या म्हणाल्या, "परत सांग," आणि माझ्या वहीत नाही, स्वतःच्या वहीत लिहून घेतलं. बराच वेळ लिहीत होत्या. चहा गार झाला दोघींचा.

आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तिला तुला शिकवायचंच होतं. लग्नाच्या वेळी म्हणाली होती ना, मुलीनं शाळा अर्धवट सोडलीय, लग्न वर्षभर थांबवा, मी तिची दहावी करून घेते. वह्याही आणल्या होत्या तिनं. मोठी माणसं ऐकेनात."

मी हातातला डाव खाली ठेवला. "हे मला अठरा वर्षांत का नाही सांगितलंत?"

"तू कधी विचारलंच नाहीस."

काय बोलायचं या माणसाला! रात्री त्याला उरलेलंच वाढलं.

५ मार्च, बुधवार

ती पिवळी वही दिवसभर पर्समध्ये होती. कागद खरंच चांगला आहे.

१० मार्च, सोमवार

आज कामावर गडबड. गेल्या महिन्यापासून एक खोली फुलांना दिलीय, परगावी जाणारी. तिथे तापमान एकपासून चारपर्यंतच हवं. ताईंच्या भाषेत १ ≤ x ≤ ४, दोन्ही टोकांना भरीव गोल आणि मध्ये नुसती रेघ, बाण नाहीच.

दुपारी नोंदी चाळत होते. बर्फ्यानं बारा वाजता फुलांच्या खोलीचा आकडा लिहिला होता, २. बसतो की नियमात! पदवीवाल्यानं सहीसुद्धा ठोकली होती. पण बर्फ्या चिन्ह लिहीत नाही हे मला माहीत, कारण त्याला ती सवय मीच लावली, बारा वर्षांपूर्वी. जाऊन पाहिलं तर काट्यावर उणे दोन! मशीन अडकलं होतं. धावत जाऊन बंद केलं, दार उघडलं. दाराजवळच्या चार पेट्यांच्या पाकळ्या काळ्या पडल्या होत्या, बाकी साठ वाचल्या.

मॅनेजरसाहेब खूश झाले. म्हणाले, "माझ्या हातात असतं तर आजच खुर्ची दिली असती. पण पास व्हावंच लागेल हो." बर्फ्या मात्र दिवसभर माझ्या मागे मागे, "कुठे काढायचं ते उणे, आकड्याच्या आधी की नंतर?"

१८ मार्च, मंगळवार

शेवटची शिकवणी. सगळं येतं आता. तरी ताईंनी आणखी एक धडा काढला, दोन चलांच्या असमानता. मी पुस्तक उघडून दाखवलं की हा धडा परीक्षेला नाहीच. "असू दे, पुढे उपयोगी पडेल," म्हणाल्या. मला कशाला उपयोगी पडतोय! त्यांचं घड्याळही हल्ली मागे पडतं. सहा वाजता संपवायचं, तर सात वाजले तरी घड्याळात सहाला पाच कमी. सेल बदला म्हटलं, तर म्हणाल्या, बदलते.

२३ मार्च, रविवार

पेपर झाला.

सहावा प्रश्न आपलाच: ७ − ३x ≥ १६ सोडवा आणि संख्यारेषेवर दाखवा. −३x ≥ ९, म्हणून x ≤ −३. गोल भरीव, बाण डावीकडे. काढला. मग मनात आलं, गारठा मोजतेय की ऊब? खोडला. उजवीकडे काढला. परत खोडला. मग डोकं जागेवर आलं. उणे पाच घालून पाहिलं: सात अधिक पंधरा, बावीस. बावीस सोळापेक्षा मोठे. म्हणजे डावीकडेच. तेवढ्यात घंटा झाली, पर्यवेक्षक बाईंनी उत्तरपत्रिका ओढून घेतली.

आणि आता काही केल्या आठवत नाही, बाण परत काढला की नाही!

फाटकाबाहेर ताई उभ्या, हातात पाण्याची बाटली. "इकडे दुकानात आले होते," म्हणाल्या. त्या गल्लीत सगळी दुकानं रविवारी बंद असतात. प्रश्नपत्रिका हातात घेऊन त्यांनी एकेक उत्तर विचारलं. सहाव्याला मी म्हटलं, "बाण काढलाय की नाही आठवत नाही." आता ओरडणार म्हणून मान खाली घातली. त्या नुसतं म्हणाल्या, "पाणी पी आधी."

१ एप्रिल, मंगळवार

निकाल लागेपर्यंत रजेवर बसवलंय. इनचार्जच्या टेबलावर तात्पुरता पदवीवाला. बर्फ्याचा फोन आला, पहिल्याच दिवशी टोपी न घालता आत गेला आणि कान धरून बाहेर आला. हसले, पण फार वेळ नाही. नापास झाले तर काय करायचं, याचा विचार करत कपाट तीनदा लावलं. भीती वाटते. सरळ लिहून टाकते, फार भीती वाटते. दुसरं कुठलंच काम मला येत नाही.

आज पाच वाजता काय करावं तेही सुचेना.

१२ एप्रिल, शनिवार

निकाल! शंभरापैकी अठ्ठावन्न! पास! पास! पास!

मॅनेजरसाहेबांना फोन केला. म्हणाले, "सोमवारी टेबलावर बसा." नवरा मिठाई आणायला धावला, एका पायात माझी चप्पल घालून. मी गुणपत्रिका घेतली आणि तशीच ताईंकडे गेले.

त्या दारातच होत्या. कागद हातात घेतला, वर्गात वाचतात तसा ठिकाण, क्रमांक, विषय, सगळं मोठ्यानं वाचलं. "अठ्ठावन्न," म्हणाल्या. मग परत एकदा, "अठ्ठावन्न." मी म्हटलं, बाण काढला असता तर साठ झाले असते. त्या म्हणाल्या, साठ कशाला, पासष्ट व्हायला हवे होते, भूमितीत हयगय केलीस. मग चहा ठेवला.

चहा उकळत होता. माझ्याकडे पाठ करूनच त्या म्हणाल्या, "म्हणजे आता मंगळवारी यायचं काही कारण नाही."

"नाहीच," मी म्हटलं. "आता मंगळवारी तुम्ही आमच्याकडे. दर मंगळवारी. शिकवायला नाही, जेवायला."

एकतीस वर्षं ज्या बाईनं कुणाला शेवटचा शब्द बोलू दिला नाही, तिनं नुसता गॅस बारीक केला! मग म्हणाल्या, "साखर संपलीय वाटतं, आतून आणते," आणि आतल्या खोलीत गेल्या. पुरती दहा मिनिटं आतच होत्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल झालेले, हात रिकामे.

"कांदा चिरत होते," म्हणाल्या.

साखरेचा डबा ओट्यावरच होता, काठोकाठ भरलेला. आणि आतल्या खोलीत कांदा कोण चिरतं? जिभेवर आलं होतं अगदी. पण मी उठून दोघींच्या चहात साखर घातली.